तापीच्या काठाकाठानं : चांगदेव ते नवापूर

पहिला दिवस : चांगदेव, हतनूर, सावदा

चांगदेवच्या देवळाजवळ नदीकाठी उभं राहिलं की तापी आणि पूर्णा एकमेकींत मिसळताना दिसतात. तापी येते मध्य प्रदेशातल्या मुलताईहून, सातपुड्यातून वाट काढत. पूर्णा येते अकोल्याकडचा खारपाणपट्टा ओलांडून. इथून पुढं दोघींचं नाव तापी आणि तोंड पश्चिमेला, सुरतेकडं.

महाराष्ट्राचं बहुतेक पाणी पूर्वेला जातं. गोदावरी, भीमा, कृष्णा, सगळ्या तिकडच्या. खानदेशाचं पाणी मात्र अरबी समुद्राला मिळतं, आणि पाण्यामागोमाग इथलं बरंच काही त्याच दिशेनं जातं. म्हणून या खेपेला माहेरी गेले ती ठरवूनच गेले: जळगावात पाहुणचार झोडत बसायचं नाही, दादाची गाडी काढायची आणि नदी जाते तिकडं जायचं. दत्तजयंतीचा आठवडा होता. सकाळी स्वेटर, दुपारी उन्हाचा चटका, असं इथलं थंडीतलं हवामान. खानदेश बघायचा तर याच दिवसांत. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत यायचा सल्ला मी शत्रूलाही देणार नाही.

चांगदेवचं देऊळ काळ्या दगडाचं, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातलं. चौदाशे वर्षं जगल्याची आख्यायिका असलेल्या या योग्यानं ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवलं आणि उत्तरादाखल त्याला पासष्ट ओव्या आल्या, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. त्याची गुरू झालेली लहानगी मुक्ताई याच परिसरात, मेहूणच्या तापीतीरावर वीज कडाडली तेव्हा गुप्त झाली. जवळच्या कोथळीत तिचं जुनं मंदिर आहे. एदलाबादचं नाव मुक्ताईनगर झालं ते तिच्यावरूनच. देवळात आमच्याखेरीज दोन म्हातारे आणि एक शेळी. गर्दीची सवय असलेल्यांनी मुद्दाम यावं.

संगमाखालीच हतनूरचं धरण. एक्केचाळीस दरवाजे आहेत. पावसाळ्यात जळगावच्या वर्तमानपत्रांत "हतनूरचे इतके दरवाजे उघडले" ही बातमी रोजची असते. तेच पाणी पुढं गुजरातेत उकाईच्या धरणात साठतं. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून पाणी सोडावं लागलं आणि सुरत बुडाली. दादा तेव्हापासून म्हणतो, आपल्याकडं पाऊस किती झाला ते सुरतवाल्यांना आपल्याआधी कळतं. डिसेंबरात मात्र जलाशय निवांत होता. काठाच्या गाळात चक्रवाकांच्या जोड्या, आणि तराफ्यावरून जाळं ओढणारा एक भोई. त्याला विचारलं, मासे कुठं जातात? "भुसावळले, अन् उरले ते बऱ्हानपूरले," एवढंच बोलून तो कामाला लागला.

भुसावळजवळ तापी ओलांडून उत्तरेला गेलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी सुरू होते आणि रावेरपर्यंत संपतच नाही. सातपुड्यातून उतरणाऱ्या सुकी, मोर यांसारख्या नद्यांनी आणून टाकलेला हा गाळ, पुरुषभर खणलं तरी दगड लागत नाही. डोंगराच्या पायथ्याशी वाळू-गोट्यांचा पट्टा आहे, तिथं पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या विहिरींना मिळतं. मिळायचं, असं म्हणायला हवं. इतक्या कूपनलिका झाल्या की पाणी दरवर्षी खाली चाललंय. तापीचं पुराचं पाणी या पायथ्याच्या पट्ट्यात जिरवायच्या महाकाय पुनर्भरण योजनेचा करार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी मे २०२५ मध्ये केला. गावात त्याबद्दल विचारलं तर लोक हसतात. चर्चा ऐकत त्यांची एक पिढी म्हातारी झाली आहे.

सावद्याजवळ दादाच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडं कांदेबागाची कापणी चालू होती. मृगाला लावली ती मृगबाग, दसरा-दिवाळीच्या सुमाराला लावली ती कांदेबाग. एकजण कोयत्याच्या एका घावात घड उतरवतो, दुसरा तो खांद्यावर पानाची चुंबळ ठेवून झेलतो. तिसरा बांधावर बसून फण्या सोडवतो. चिकाचे काळे डाग सगळ्यांच्या अंगावरच्या कपड्यांना, आणि ते कशानंही जात नाहीत, म्हणून कापणीचे कपडे वेगळेच. फण्या तुरटीच्या पाण्याच्या हौदात बुडवून, वाळवून खोक्यात भरल्या जात होत्या. हा माल आखातात जाणार. दुसऱ्या ट्रकमध्ये सुका पाला अंथरून त्यावर घडच्या घड रचले जात होते, ते उत्तरेला. पूर्वी सावदा आणि निंभोरा स्टेशनांवरून केळीच्या अख्ख्या गाड्या दिल्लीला जायच्या. अजूनही रेल्वेनं माल जातो, पण ट्रकांनी बराच घास घेतला आहे.

भावाचा विषय मी काढायला नको होता. बोर्डावर एक भाव लिहिलेला असतो आणि व्यापारी बांधावर येऊन त्याहून कमी सांगतो. केळी पिकायला लागली की शेतकऱ्याला थांबता येत नाही. "कापूस घरात भरून ठेवता येतो भो, केयी ठेवता येते का?" शेतकरी म्हणाले. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची पाटी त्यांच्या खोक्यांवर आहे. मी त्याबद्दल विचारल्यावर त्यांनी खोकं उलटं करून दाखवलं. तळाशी वजन लिहिलं होतं. "व्यापारी हे वाचतो," म्हणाले.

बघायला जाणाऱ्यांसाठी: कापणी पहाटे सुरू होते आणि दहापर्यंत आटोपत येते. बागेत जुने कपडे घाला. आधी विचारून गेलात तर कुणी नाही म्हणत नाही, आणि परत येताना गाडीच्या डिकीत एक घड पडतोच.

दुसरा दिवस : फैजपूर, भरीत, धरणगाव, अमळनेर

फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन झालं. खेड्यात भरलेलं ते पहिलं. नेहरू अध्यक्ष, गांधीजी हजर, आणि बांबू-चटयांनी उभारलेली सजावट नंदलाल बोस यांची. शहराबाहेर अधिवेशन घ्यायचं ठरलं तेव्हा देशातून फैजपूर का निवडलं असेल, याचं अर्धं उत्तर मला आदल्या दिवशीच्या बागांत मिळालं. पाणी, जमीन आणि पैसा राखून असलेला शेतकरी इथं होता. त्याच्या घरी पन्नास पाहुणे आले तरी चूल विझत नव्हती.

आमची चूल मात्र त्या दिवशी बांधावर पेटली. बामणोदकडची वांगी भरताला नावाजलेली: मोठी, हिरवट-पांढरी, बिया कमी. जळगावच्या भरीत वांग्यालाही भौगोलिक मानांकन आहे. दादाच्या मित्राच्या शेतात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, ढिगानं पेटवल्या आणि त्यात वांगी टाकली. गॅसवर भाजलेल्या वांग्याला मी आता भरीत म्हणणार नाही. काड्यांचा जाळ भसकन उठतो आणि पटकन खाली बसतो, तेवढ्यात वांगं आतपर्यंत शिजतं आणि धूर मुरतो. मग सालं काढून गर बडजीत घालायचा. बडजी म्हणजे लाकडाची लांबट द्रोणी. तिच्यात लाकडी दांड्यानं गर ठेचतात. हिरवी मिरची आणि लसूणही त्यातच. वर शेंगदाणे, कांद्याची पात आणि भरपूर तेलाची फोडणी. सोबत कळण्याची भाकरी आणि पुऱ्या दोन्ही. मित्राची आई वाढताना हात आखडत नव्हत्या. "शहरात तेल मोजून खातात म्हने," त्या म्हणाल्या. मी ताटाकडं बघत राहिले.

यावलहून चोपड्याला जाणारा रस्ता बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्ग. नकाशा बघा: बऱ्हाणपूर, रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि मग थेट गुजरात. सातपुडा उजव्या हाताला सतत सोबत. चोपड्याहून तापी परत दक्षिणेला ओलांडून धरणगावला गेलो.

धरणगावात बघायला काय आहे, असं दादानं तीन वेळा विचारलं. पाहायला फारसं नाही, हे खरं. पण सतराव्या शतकात कापड आणि कापसाच्या व्यापारासाठी सुरतेच्या इंग्रजांनी इथं वखार घातली होती. आणि १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांच्या फौजेनं धरणगाव लुटलं, ते काही उगाच नव्हे. सुरतेच्या मालाचा हा मागचा दरवाजा होता. सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारे तांडे नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा या वाटेनं जायचे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात याच भागातून बऱ्हाणपूरला गेला आणि जहांगिराचा मुलगा शाहजादा परवेझ याला भेटला. जवाहिरांचा व्यापार करणारा फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये हाही इकडून गेला. पुढं अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा १८६० च्या दशकात खानदेशाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमाराला रेल्वे आली आणि जळगावात जिनिंगच्या चिमण्या उभ्या राहिल्या. आज जे शहर माझं माहेर आहे त्याचा पाया हा.

अमळनेरला संध्याकाळी पोचलो. तत्त्वज्ञानाची संस्था १९१६ मध्ये इथं श्रीमंत प्रतापशेठ यांच्या पैशातून उभी राहिली. एका लहान गावात गिरणीच्या पैशातून वेदान्ताचा अभ्यास! मला हे फार आवडतं. दुसरी गोष्ट आणखी अमळनेरी. १९४५ मध्ये इथं वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, सनफ्लॉवर वनस्पती आणि ७८७ साबण करणारा. त्याची पुढं विप्रो झाली. सुरुवातीला गावातल्या ज्यांनी थोडे शेअर घेऊन ठेवले आणि विकले नाहीत, त्यांच्या नातवंडांनी काही करायची गरज उरली नाही. आम्ही उतरलो त्या लॉजच्या मालकांना विचारलं, तुमच्याकडं होते का? "वडलांनी बहिणीच्या लग्नात विकले," ते म्हणाले आणि चहाचे पैसे घ्यायला विसरले नाहीत.

तिसरा दिवस : कपिलेश्वर, थाळनेर, शिरपूर

अमळनेरहून मुडावदच्या बाजूला कपिलेश्वराचं देऊळ आहे, तापी-पांझरेच्या संगमावर. धुळ्याच्या पाणवठ्यावरून आलेली पांझरा इथं तापीला मिळते. घाटाच्या पायऱ्या उतरताना लक्षात आलं की तापीचं पात्र किती खोल आहे. दोन्ही काठांना मातीचे उंच कडे आणि त्यांत पावसाच्या पाण्यानं खाल्लेल्या घळी. नदी खाली आणि शेतं वर, त्यामुळं काठावरचा शेतकरी वर्षानुवर्षं पाण्याकडं नुसता बघत आला. गोदावरीसारखे कालवे इथं सहज निघत नाहीत. पाणी उपसून वर चढवावं लागतं आणि त्याला वीज लागते. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथं बॅरेज बांधले, पाणी अडलं. शहादा-नंदुरबार भागातल्या उपसा सिंचनाच्या योजना मात्र बराच काळ बंद पडून होत्या. अमळनेरजवळच्या पाडळसऱ्याचं धरण १९९० च्या दशकात सुरू झालं, आणि त्याची वाट बघणारी माणसं आता पुढाऱ्यांचं नाव न घेता फक्त हात हलवतात.

महामार्गावर सावळद्याच्या पुलावरून परत उत्तरेला आलो आणि थाळनेरला गेलो. मला या सगळ्या प्रवासात सर्वांत आवडलेलं गाव हे. फारुकी घराण्याची पहिली राजधानी थाळनेर. त्यांनी चौदाव्या शतकाच्या अखेरपासून अकबरानं १६०१ मध्ये असीरगड घेईपर्यंत खानदेशावर राज्य केलं. बऱ्हाणपूर वसलं ते नंतर. गावाबाहेर फारुकींच्या कबरी आहेत. एक अष्टकोनी, वरचं कोरीव काम अजून शाबूत, आतमध्ये कुणीतरी ठेवलेल्या कडब्याच्या पेंढ्या.

किल्ला म्हणजे आता तापीच्या काठावरचं मातीचं टेकाड. वर चढलो तर पायाखाली विटांचे तुकडे आणि खाली नदीचं मोठं वळण. फेब्रुवारी १८१८ मध्ये पेशवाई बुडत असताना होळकरांनी हा किल्ला इंग्रजांना देऊन टाकायचं तहात कबूल केलं होतं. किल्लेदार तुळशीराम मामांनी तो सोडायला नकार दिला. दरवाज्यात झटापट झाली, त्यात इंग्रजांचे दोन अधिकारी पडले. मग इंग्रजांचा सेनापती सर टॉमस हिस्लॉपनं आतल्या शिबंदीची कत्तल करवली आणि किल्लेदाराला फाशी दिलं. या फाशीवरून पुढं विलायतेतही बराच वाद झाला. टेकाडावर पाटी नाही. गुरं राखणाऱ्या एका पोरानं विचारलं, "भाऊ, कथाईन उनात?" म्हणजे कुठून आलात. हा प्रश्न दादाला होता, पण मी उत्तर दिल्यावर तो लाजला. मग त्यानंच सगळं दाखवलं: दरवाजा इथं होता, तोफ इथं, आणि फाशी त्या बाजूला. फाशीची जागा खरी की पोरानं केलेली, देव जाणे. त्याच्या बोलण्यात मात्र कालपरवा घडल्यासारखं होतं.

खाली गावात लता मंगेशकरांच्या आईचं माहेर. त्यामुळं थाळनेरला ज्याला त्याला हे सांगायचं असतं, किल्ल्याचं नाही.

शिरपूरला मुक्काम केला. गाव श्रीमंत, रुंद रस्ते, सूतगिरण्या, शाळा-कॉलेजं. भूजलाचे अभ्यासक सुरेश खानापूरकर यांनी इथं नाले खोल-रुंद करून त्यांवर बंधारे घातले, तोच शिरपूर पॅटर्न. वरचा चिकणमातीचा थर पाणी खाली जाऊ देत नाही, तो कापून काढला की पाणी मुरतं, एवढी साधी गोष्ट. नाल्यांच्या दोन्ही बाजूंना उभे कडे दिसतात आणि आत डिसेंबरातही पाणी. राज्यभर हा प्रयोग उचलला गेला आणि त्यावर भांडणंही झाली, कारण दगड कुठला आणि माती कुठली हे न बघता जागोजाग यंत्रं लावली तर नाला नुसता खड्डा होतो. इथं मात्र मी पाणी पाहिलं.

रात्री शेवभाजी. जाड तिखट शेव आणि तेलाचा तवंग. बाहेरच्या पाहुण्यांनी आधी "मध्यम तिखट" सांगावं. कुणी ऐकणार नाही, पण सांगावं.

चौथा दिवस : सारंगखेडा, प्रकाशा

शहाद्याच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, आणि पहाटेचं धुकं. दोन तासांची वाट साडेतीन तासांत झाली. ऊस पुरुषोत्तमनगरच्या सातपुडा कारखान्याकडं चालला होता. उलट बाजूनं टेम्पो जात होते, त्यांत भांडी, कोंबड्या, पोरं, म्हातारी माणसं. धडगाव-अक्कलकुव्याचे भिल्ल आणि पावरा, गुजरातेत बारडोलीच्या बाजूला ऊसतोडीला. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं निघतात आणि होळीच्या सुमाराला परततात. शहाद्याच्या उसाला तोडायला माणसं दुसरीकडून येतात आणि शहाद्याच्या डोंगरातली माणसं दुसऱ्याचा ऊस तोडायला जातात. हे असं का, ते कुणी मला नीट समजावून सांगू शकलं नाही. उचल तिकडं जास्त मिळते, एवढंच सगळे म्हणाले.

सारंगखेड्याला दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार. एकमुखी दत्ताचं देऊळ तापीच्या काठावर. देवळात नवस फेडणाऱ्यांची रांग मोठी, गुळाच्या तुला चाललेल्या. आम्ही लांबून हात जोडले आणि बाजारात शिरलो.

घोडे! मारवाडी, काठेवाडी, पंजाबचे नुकरे. तंबूतंबूत झालरी, रंगीत दिवे, आणि प्रत्येक तंबूत एक मालक जो आपला घोडा विकायचा नाही म्हणतो आणि किंमत मात्र सांगतो. लाखांच्या खाली बोलणंच नाही. गिऱ्हाईक आधी रंग बघतं: कुमैत, अबलख, पंचकल्याणी. मग भोवरे बघतं. मानेखालचा देवमणीचा भोवरा शुभ. मग पाय, मग दात, आणि शेवटी चाल. रेवाल चालीत घोडा पळतो पण वर बसलेला माणूस हलत नाही. एका म्हाताऱ्यानं ते दाखवायला भरलेला चहाचा पेला हातात घेऊन चक्कर मारली. पेल्यातला चहा सांडला नाही, त्याच्या धोतरावर मात्र आधीचे डाग होते, हे दादानं माझ्या कानात सांगितलं.

उत्तर प्रदेशातून आलेला एक व्यापारी म्हणाला, आता घोडे लढाईला किंवा टांग्याला जात नाहीत, लग्नाला जातात. आणि राजकारण्यांना. पावसाळा बरा गेला तर इथल्या बागायतदारांची पोरंही घेतात. "केळीला भाव असला की घोड्याला भाव," त्याचा हिशेब सोपा होता.

यात्रेत खायला गोडी शेव आणि गुळाची जिलेबी. दोन्ही गरम घ्या. देवदर्शन करायचंच असेल तर पहाटे, बाजार बघायचा तर सकाळी दहानंतर, आणि गाडी गावाबाहेर लावून चालत यायची तयारी ठेवा. यात्रा दत्तजयंतीच्या पुढं काही आठवडे चालते, त्यामुळं जयंतीचा दिवस सोडून आलात तरी घोडे बघायला मिळतात. मुक्कामाची सोय शहाद्यात बघून ठेवा, सारंगखेड्यात त्या दिवसांत कोपराही मिळत नाही.

प्रकाशाला दुपारी. दक्षिण काशी म्हणतात. तापी आणि गोमाईचा संगम, काठावर केदारेश्वर, काशी विश्वेश्वर, संगमेश्वर. अस्थिविसर्जनाला आलेली कुटुंबं, न्हाव्यांची दुकानं, पिंडांवर टपलेले कावळे. या गावाच्या पांढरीत भारतीय पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी १९५५ च्या सुमारास उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर एकावर एक निघाले. म्हणजे लोक तीन-साडेतीन हजार वर्षांपासून इथं नदीवर येतात. घाटावर एका गुरुजींनी मला "कोणाचं?" असं विचारलं. कुणाचंच नाही, बघायला आलेय, म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला.

पाचवा दिवस : नंदुरबार, नवापूर

नंदुरबारच्या बाहेर जमीन लाल दिसू लागली की समजायचं, मिरचीच्या पथारी आल्या. एकरच्या एकर मोकळ्या जागेवर ओली लाल मिरची सुकत पडलेली. खिडकी बंद करूनही शिंका थांबेनात. बाजार समितीत शेतकरी ओली मिरची विकतो, व्यापारी ती इथं पसरतो. साधारण चार किलो ओली सुकली की एक किलो होते, असा एका व्यापाऱ्याचा हिशेब. फापडा, जरेला, व्हीएनआर, शंकेश्वरी अशी नावं त्याच्या तोंडी पाठ.

पथारीवर बायका देठ खुडत बसल्या होत्या. चेहऱ्यावर ओढणी घट्ट बांधलेली, नुसते डोळे दिसत. मी एकीशेजारी बसून खुडायला घेतलं. अंगठ्याच्या नखानं देठ एका झटक्यात निघतो, मिरची फाटायला नको. पाच मिनिटांत बोटांची आग सुरू झाली. ती हसली. घरी गेल्यावर हाताला काय लावता, विचारलं. "तेल. अन् रात्री पोराला घेताना हात लावायचा नाही," ती म्हणाली. मजुरी किलोवर. अवकाळी पाऊस आला तर पथारीवरच मिरची काळी पडते, आणि मग मजुरीही त्या दिवसापुरतीच मिळते.

शहरात बालशहीद शिरीषकुमारचं स्मारक आहे. ९ सप्टेंबर १९४२ ला तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात तो आणि त्याचे चार सोबती गेले. सगळी शाळकरी वयाची मुलं. शिरीषकुमार मेहता, गुजराती घरातला, मराठी गावातला. नंदुरबारच्या बाजारपेठेत आजही अर्धी पाटी एका भाषेत आणि गल्ला दुसऱ्या भाषेत चालतो, आणि दुकानाबाहेर अहिराणी, भिलोरी, गुजर बोली वेगळ्याच. धुळ्यापासून वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. विकासाच्या यादीत तो बहुधा तळाशी असतो. त्याच्याच डोंगरात धडगावच्या बायका कैऱ्यांच्या फोडी वाळवून आमचूर करतात, आणि ते देशभरच्या मसाल्यांत जातं. तोरणमाळ या खेपेला राहिलं. दादाच्या गाडीला त्या घाटाची भीती वाटते, असं दादा म्हणाला.

दादा नंदुरबारहून परत फिरला. मी मात्र पॅसेंजर गाडीनं पुढं निघाले. हा तापी व्हॅली रेल्वेचा जुना मार्ग, १९०० च्या आसपास सुरतेहून इकडं आलेला. डब्यात बहुतेक तरुण पोरं, पायाशी पिशव्या, पिशव्यांत घरचे बिबडे आणि मिरचीचा ठेचा. माझ्यासमोर बसलेला शिंदखेड्याकडचा. सुरतेत उधन्याला यंत्रमागावर कामाला, बायको-मुलं तिथंच लिंबायतला. "आमना गावना निम्मा पोऱ्या सुरतले शेतस," तो म्हणाला. शेती? आहे, पाच बिघे, कोरडवाहू, वडील बघतात. पुण्याला का नाही गेलास? त्यानं मलाच विचारलं, पुण्याला माझं कोण आहे? सुरतेला मामा, मेव्हणा, गावाचं गणपती मंडळ, अहिराणीत बोलणारा किराणावाला. दिवाळीला सुरतेहून खानदेशात येणाऱ्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते, हे मला माहीत होतं. पण त्याचं म्हणणं असं की आता मतदानालाही तशीच गर्दी होते, उमेदवार गाड्या पाठवतात.

नवापूरचं स्टेशन बघायला मी उतरले. फलाटाच्या मधून राज्याची हद्द जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची खोली गुजरातेत. हद्दीवर एक बाकडं आहे, अर्धं नंदुरबार जिल्ह्यात आणि अर्धं गुजरातच्या तापी जिल्ह्यात. हो, त्या जिल्ह्याला नदीचंच नाव दिलंय, २००७ पासून. बाकड्यावर फोटो काढणाऱ्यांची रांग असते. बाहेर खमण आणि भजी एकाच टोपलीत. नवापूरच्या तूरडाळीलाही भौगोलिक मानांकन आहे, एक किलो घेतली. गावाभोवती कोंबड्यांच्या मोठमोठ्या शेड आहेत. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू इथंच सापडला आणि लाखोंनी कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. डाळवाल्यानं ते सांगितलं आणि लगेच म्हणाला, आता अंडी सगळी सुरतेला जातात, चिंता नाही.

पुढची गाडी यायला तास होता. बोरिवलीला घरी जायचं तर जळगावला परत जाऊन मुंबईची गाडी धरण्यापेक्षा सुरतेहून जाणं सोपं, हे मला तिकीट खिडकीवरच्या बाईनी सांगितलं. मी महाराष्ट्राच्या बाजूला उभी राहून उधन्याचं तिकीट काढलं आणि डाळीची पिशवी उचलून गुजरातेत जाऊन उभी राहिले. गाडीचा डबा तिथं लागतो.